डबीतला वास, गालावरचा वास

प्रश्न : गेल्या वर्षभरात हाताने बनवलेले दाढीचे चार साबण घेतले : चंदन, 'बार्बरशॉप', बे रम आणि लिंबू-बर्गमॉट. डबी उघडली की न्हाणीघरभर दरवळ, पण ब्रशने फेस काढला की वास निम्म्याहून कमी. फेसही दोन मिनिटांत बसतो. लिंबाचा वास तर तीन महिन्यांत डबीतूनच उडाला. बे रम लावला की बायको विचारते, "दात काढायला निघालात का?" चार हजारांच्या आसपास खर्च झाला. मी फसलो का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : फसला नाहीत, घाई केलीत. साबणाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली निम्मी तरी वास घेण्यात. डबीला नाक लावून दाढीचा साबण निवडणं म्हणजे कच्चे पोहे चघळून कांदेपोह्यांना मार्क देणं.

तुमच्या पत्रातलं 'फेस बसतो' हे वाक्य मी दोनदा वाचलं. बोअरचं पाणी असणार. दाढीचा साबण म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्लाचे पोटॅशियम आणि सोडियम क्षार. पोटॅशियममुळे तो मऊ आणि चटकन विरघळणारा होतो, सोडियममुळे वडी घट्ट राहते. जड पाण्यातलं कॅल्शियम या साबणाला धरतं आणि त्याची न विरघळणारी साय बनते. बादलीच्या कडेला पांढरी रेघ दिसते ना, तीच. भरघोस, कोमट फेस असेल तर वास नाकापर्यंत चढणार. साय झाली की तो तिथेच मेला. उद्या एक दाढी आरओच्या पाण्याने करून बघा. वाटीभर पुरतं. निम्मी तक्रार तिथेच मिटेल असा माझा अंदाज आहे.

लिंबाच्या बाबतीत बनवणाऱ्याची लबाडी नाही. लिंबू, संत्रं, बर्गमॉट यांचे वास हलके, सगळ्यांत आधी उडणारे. त्यात साबण अल्कधर्मी, तो त्यांना आणखी छळतो. लॅव्हेंडर, पॅचुली, वाळा, चंदन तग धरतात. म्हणून लिंबाची डबी नेहमी आधी संपवायची, चंदन मागे ठेवायचं. (व्हॅनिलाचा साबण कधी घेतलात आणि तो तपकिरी पडला, तर घाबरू नका. व्हॅनिलिनचा तो स्वभावच आहे, साबण नासलेला नसतो.)

'बार्बरशॉप' हा शब्द आपल्याला हमखास चकवतो. आपल्या सलूनचा वास म्हणजे पावडर, तुरटी, डेटॉल आणि शेजारच्या खुर्चीवर कुणाच्या तरी डोक्याला थापलेली मेंदी. डबीवरचं बार्बरशॉप फ्रान्सहून आलेलं आहे. १८८२ साली उबिगां या अत्तराच्या पेढीसाठी पॉल पार्के याने 'फुजेर रॉयाल' तयार केलं : लॅव्हेंडर, ओकच्या झाडावरचं दगडफूल आणि प्रयोगशाळेत बनवलेलं कुमारिन नावाचं सुगंधी रसायन. फुजेर म्हणजे नेचे. गंमत अशी, की नेच्यांना सांगण्यासारखा वास जवळजवळ नसतोच. नाव सगळं कल्पनेचं. पुढे हाच साचा तिकडच्या दाढीच्या साबणांत आणि लोशनांत मुरला. कुमारिनला वाळत्या गवताचा वास असतो. दिवाळीनंतर माळावर कापून टाकलेल्या गवताजवळून गेला असाल तर तुमच्या डबीतला अर्धा वास तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे.

वहिनींचं नाक मात्र तरबेज आहे! बे रम हा कॅरिबियन बेटांचा वास, त्यातही सेंट थॉमसचा. तिथल्या एका झाडाची पानं रममध्ये घालून ऊर्ध्वपातन करत. त्या पानांच्या तेलात निम्म्याच्या आसपास युजेनॉल नावाचं उग्र वासाचं रसायन असतं. लवंगेतही युजेनॉल, आणि दातांचे डॉक्टर दाढेत तात्पुरतं सिमेंट भरतात त्यातही युजेनॉलच. अमेरिकन माणसाला त्या वासात गलबतं आणि समुद्र दिसतो. आपल्याला ती मागे झुकणारी खुर्ची. यात चूक कुणाचीच नाही. ज्या वासाशी आपली जी गाठ पडली ती पडली.

माझी स्वतःची पद्धत सांगतो. एकच साबण सलग दहा दिवस, आणि वहीत तीन रकाने : कोरडा वास, ओला वास, तोंड पुसल्यावरचा वास. माझ्या वहीत इटलीच्या हिरव्या 'प्रोरासो' साबणाची नोंद अशी आहे. कोरडा : निलगिरी, घसा खाकरावासा वाटतो. ओला : निलगिरी मागे, मेन्थॉल पुढे, डोळ्यांत पाणी. पुसल्यावर : वास काही नाही, गाल गार. खाली लाल शाईने 'मे महिन्यासाठी राखून ठेवणे', कारण डिसेंबरातल्या पहाटे लावून मी कुडकुडलो होतो. (मेन्थॉल गाल खरोखर थंड करत नाही; थंडी ओळखणाऱ्या नसांना नुसतं चाळवतं. पण कुडकुडणाऱ्याला ते सांगून काय उपयोग?) त्याच वहीत मिलानच्या 'चेल्ला' कंपनीच्या बदामी साबणापुढे मी 'नानकटाई' लिहिलंय आणि आमच्या हिने पेन्सिलीने शेजारी 'खोकल्याचं औषध'. बदामाच्या इसेन्समधलं बेन्झाल्डिहाइड दोघांनाही वेगवेगळ्या कपाटात घेऊन गेलं.

शंभर ग्रॅमची वडी मला रोजच्या दाढीला साडेतीन महिने पुरते. म्हणजे तुमच्या चार डब्या चौदा महिन्यांची बेगमी झाली. तोवर पाचवी घेऊ नका.

प्रश्न : मुलाने इंग्लंडहून दाढीचा साबण पाठवला आहे. घटकांत 'टॅलो' आणि 'लॅनोलिन' लिहिलंय. आम्ही पूर्ण शाकाहारी. वापरावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : टॅलो म्हणजे जनावराची चरबी, बहुधा गाईची किंवा मेंढीची. साबण झाल्यावर यादीत 'सोडियम टॅलोवेट' असंही नाव दिसतं; ते तेच. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीवरचं मेण, लोकर कातरल्यावर ती धुऊन काढतात. त्यासाठी मेंढी मारावी लागत नाही, पण आहे प्राणिजन्यच. चरबीच्या साबणाचा फेस सायीसारखा दाट येतो हे खरं. मात्र पामतेलातलं स्टिअरिक आम्ल आणि खोबरेल यांवर बेतलेला चांगला साबण आज त्याच्या तोडीचा असतो, आणि गोदरेजने चरबीशिवायचा साबण बाजारात आणून शंभर वर्षं उलटली. मन कचरत असेल तर वापरू नका. पोराला एवढंच लिहा, की पुढच्या वेळी यादी वाचून घे. ब्रशही विचारा : तिकडचे जुने ब्रश बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या नाहीतर डुकराच्या केसांचे असतात. कृत्रिम तंतूंचा ब्रश स्वस्त पडतो आणि लवकर वाळतो.

प्रश्न : बाजारातल्या आफ्टरशेवचा वास सगळ्यांना सारखाच. मला वाळ्याचं अत्तर घालून घरीच बनवायचं आहे. हार्डवेअरच्या दुकानातलं स्पिरिट चालेल का?
— एक विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : नाही! ते रंग-पॉलिशचं स्पिरिट, त्यात मेथॅनॉल मिसळलेलं असू शकतं. चेहऱ्याजवळ आणू नकोस.

तुझा उत्साह मला कळतो, कारण मीही हा उद्योग केला आहे, आणि तोही साबणाच्या कारखान्यात नोकरीला असताना. 'मसालेदार' वास हवा म्हणून कारखान्यातल्या चांगल्या अल्कोहोलमध्ये दालचिनीचं तेल घातलं. किती? अंदाजे. तीन दिवस दोन्ही गाल टोमॅटोसारखे, आणि दुसऱ्याच दिवशी भाच्याचं लग्न. पंगतीत मला तिघांनी विचारलं, भाजलं का? दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड त्वचेला झोंबतं, काहींना कायमची ॲलर्जी देतं. नुकत्याच वस्तरा फिरलेल्या गालाला तर विचारूच नकोस. आमच्याकडे त्याची मर्यादा तक्त्यावर लावलेली होती. मी रोज त्या तक्त्यासमोरून जात होतो.

वाळा त्या मानाने सज्जन. पण अत्तर तेलकट असतं, पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये ते नीट विरघळत नाही. बाटली ताकासारखी दिसेल आणि वर तवंग येईल. कन्नौजचं तांब्याच्या डेगेत काढलेलं अस्सल रूह खस, म्हणजे वाळ्याचं शुद्ध तेल, महाग असतं, तांब्यामुळे त्याला हिरवट झाक येते. ते असं वाया घालवू नये. दाढीनंतर गार पाणी, ओल्या गालावर तुरटी, ती धुतल्यावर गुलाबपाण्यात दोन थेंब ग्लिसरीन. वाळ्याच्या अत्तराचा फाया कानाच्या पाळीत, आजोबा ठेवायचे तसा. गालाला नाही.