आजीचा जन्म लंडनचा. भारतीय पासपोर्टवर मला ब्रिटनमध्ये नोकरीसाठी जाता येईल का?

हो, येईल. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे तुम्हाला ब्रिटनचा ॲन्सेस्ट्री व्हिसा (ब्रिटनमध्ये जन्मलेल्या आजी-आजोबांच्या नात्यावर मिळणारा) मागता येतो. आजी आईकडची की वडिलांकडची, फरक पडत नाही. पणजी मात्र चालत नाही. नोकरी आधीच हातात असायला हवी असं नाही, पण तिथे काम करायचा इरादा दाखवावा लागतो. 5 वर्षं मिळतात, मग कायम वास्तव्याचा अर्ज.

खरी कसोटी कागदांची. आजीचा, आईचा, तुमचा असे तिन्ही जन्मदाखले जुळले पाहिजेत. आजीच्या दाखल्यावर ‘मार्गारेट’ आणि आईच्या दाखल्यावर आजीचंच सासरचं नाव ‘मीना’ असेल, तर मधला दुवा म्हणून लग्नाचा दाखला शोधाच. आजीचा जन्मदाखला हरवलाय? घाबरू नका, इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसकडून नक्कल ऑनलाइन मागवता येते. अर्ज मात्र ब्रिटनबाहेरूनच करा, पर्यटक म्हणून तिथे जाऊन नाही.