ख्रिसमस ट्रीवरची संग्राह्य ऑर्नमेंट्स डिझाइन करणारा कलाकार नेमकं काय करतो? कोल्हापुरात राहून हे शिकता येईल का?

तुमच्या मुलीची चित्रकला चांगली आहे आणि तिला हे काम करायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मी कोल्हापुरातल्याच बापट कॅम्पात गणपतीचे मूळ नमुने आणि साचे करतो, म्हणून साच्याच्या बाजूनं सांगतो. नक्की जमेल, पण नुसत्या चित्रावर भागणार नाही.

काचेचं ऑर्नमेंट घ्या. जर्मनीतल्या लाउशा गावात एकोणिसाव्या शतकापासून ही कला चालत आलीय. दोन भागांच्या कडक साच्यात तापलेली काचेची नळी धरून फुंकतात, आतून चांदीचं द्रावण फिरवतात, त्यानं आरशासारखी झळाळी येते आणि मग बाहेरून हातानं रंगवतात. डिझायनरची खरी कसोटी त्या आधीच्या नमुन्यात लागते. आपला गणपतीचा साचा रबराचा. तो ताणला जातो, म्हणून सोंडेखाली किंवा बगलेत खोल खाच असली तरी मूर्ती सुटते. कडक साच्यात तशी एक जरी खाच राहिली तरी माल अडकलाच. समजा, गदा खांद्यावर घेतलेला आपला पैलवान करायचाय. गदा आणि कान यांच्यातली फट मातीनं बुजवायची, हात अंगाला चिकटवायचे आणि तरीही तो आत्ता आखाड्यात उतरेल असं वाटलं पाहिजे. ते काम चेहरा आणि रंग करतात. म्हणून बोटभर चेहऱ्यावर डोळ्यांची आखणी करायचा सराव मुलीला आतापासूनच करू दे.

शिवाय ही वस्तू टांगलेली असते, गरगर फिरते. मखरातल्या मूर्तीची पाठ कोण बघतो? इथं पाठही तितकीच बोलली पाहिजे. टांगायची कडी तोलावर बसली नाही तर सांता आकाशाकडे बघत लटकतो, म्हणून कच्च्या नमुन्यातच तार खोचून दोऱ्यावर टांगून बघावं.

काच फुंकणं स्वतःला आलंच पाहिजे असं काही नाही. क्रिस्टोफर रॅडको या अमेरिकन डिझायनरच्या घरची ट्री कोसळून पिढीजात काचेची ऑर्नमेंट्स फुटली. मग त्यांनी पोलंडच्या कारागिरांकडून आपल्या कल्पनेप्रमाणे नवी करून घेतली आणि १९८०च्या दशकात त्यातूनच त्यांची कंपनी उभी राहिली.

आता लोक जमवतात का, ते. हॉलमार्क या अमेरिकन ग्रीटिंग कार्ड कंपनीनं १९७३ साली १८ नमुन्यांनी कीपसेक, म्हणजे जपून ठेवायची, ऑर्नमेंट्स सुरू केली. त्यांची ‘फ्रॉस्टी फ्रेंड्स’ ही मालिका १९८० साली सुरू झाली आणि ती दशकानुदशकं चालत आलीय. ओळखीची पात्रं, दर वर्षी नवा प्रसंग. मागचं घरात आहे म्हणून यंदाचं हवं असतं. ही ओढ लावणं मला सगळ्यात अवघड वाटतं, आणि सगळ्यात सुंदरही.

रेखाटनाचा पाया कलानिकेतन किंवा दळवीज या आपल्या कोल्हापुरातल्या कलाशिक्षण संस्थांमध्ये पक्का होईल. साचा मात्र गणपतीच्या सीझनमध्ये एखाद्या कारखान्यात हाताखाली राहूनच कळतो. धातूत करायचं असेल तर हुपरीला जाऊन चांदीकामाच्या डाय, म्हणजे धातूवर आकार उठवायचे ठसे, कशा करतात ते बघून या. पुढं कुठं काम दाखवायची वेळ आली की सुटे नमुने नेऊ नका. एकाच कल्पनेचे सलग चार-पाच वर्षांचे नमुने करा आणि प्रत्येकाची पाठ, कडी आणि साचा कुठं उघडतो ती रेघ त्यात दाखवा.