मे अखेरीस माल्टातल्या व्हॅलेटा शहरात दोन दिवस आहोत. काय चुकवू नये?

सगळ्यात आधी व्हॅलेटाजवळच्या पाओला गावातल्या हायपोजियमचं तिकीट काढा. जमिनीखालचं हे दफनस्थळ पाच हजार वर्षांहून जुनं आहे. आतली हवा बिघडू नये म्हणून दिवसाला मोजकीच माणसं सोडतात, त्यामुळे जागा कित्येक आठवडे आधीच भरतात.

सेंट जॉन्स को-कॅथेड्रल हे चर्च उघडताच गाठा. रविवारी ते पर्यटकांना बंद असतं. खांदे झाकलेले हवेत आणि टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत, कारण पायाखालची फरशी म्हणजे एकेकाळी माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉन पंथाच्या सरदारांच्या संगमरवरी समाध्याच. इटालियन चित्रकार कॅराव्हॅजिओच्या १६०८ च्या, बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानच्या शिरच्छेदाच्या चित्रापुढे निवांत थांबा. योहानच्या मानेतून सांडलेल्या रक्तातच चित्रकाराची सही आहे, ती शोधा. हे एक चित्र पाहायलासुद्धा व्हॅलेटाला जावं!

दुपारी १२ ला उडणारी सलामीची तोफ अपर बराक्का बागेतून बघा, मग लिफ्टने खाली उतरून होडीने बंदरापलीकडच्या बिर्गू या जुन्या गावाला जा.

हवा छान असते, दिवसा साधारण २४-२५ अंश. समुद्र मात्र अजून गारच. चुनखडीच्या पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात, रबरी तळव्याचे बूट घाला. आपले गोल पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत, तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर न्या.