क्लेफ्ट सेंटेन्स वापरताना आधी जोर कुठे ते ठरव

अगं, क्लेफ्ट सेंटेन्स म्हणजे एका भागावर जोर देण्यासाठी इट किंवा व्हॉटने सुरू करून दोन तुकड्यांत मांडलेलं इंग्रजी वाक्य. त्याचं स्ट्रक्चर पाठ करत बसू नकोस, आधी कशावर जोर द्यायचाय ते बघ. 'रवी ब्रोक द ग्लास' हे साधं वाक्य घे. रवीनेच फोडला म्हणायचंय ना, मग 'इट वॉज रवी हू ब्रोक द ग्लास', आणि ग्लासच फोडला, प्लेट नाही, असं असेल तर 'इट वॉज द ग्लास दॅट रवी ब्रोक'. मराठीत च जिथे लागला असता तो भाग उचलून इट वॉजच्या पुढे ठेवायचा, बस.

माणसं अनेक असली तरी सुरुवात इटनेच होते, तिथे इटचं 'दे' (they) करू नकोस, पण पुढचं क्रियापद मात्र माणसांप्रमाणे बदलतं, म्हणजे 'इट इज माय पेरेंट्स हू वरी', वरीज नाही, इथे भलेभले गडबडतात. क्रियापदावरच जोर हवा असेल तर इट चालतच नाही, तिथे व्हॉट घे, 'व्हॉट शी डिड वॉज कॉल द पोलीस'.

आणि हे खरंच महत्त्वाचं, ग्लास फुटलाय हेच समोरच्याला माहीत नसेल तर इट वॉज रवी म्हणू नकोस, ऐकणारा गोंधळतो, त्याला साधं वाक्यच सांग. आज स्वतःची चार-पाच वाक्यं करून टाक इथे, मी बघते.