ग्रंथालयात मुद्दाम शोधावीत अशी इतिहासाची पुस्तके कोणती?

आपण विचारले आहे की, ग्रंथालयात इतिहासाची कोणती पुस्तके मुद्दाम शोधावीत. माझे पहिले सांगणे असे की, इतिहासाच्या कपाटापाशीच थांबू नये. विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ मला प्रवासवर्णनांच्या कपाटात सापडले. घरचे कर्ज फिटावे एवढी दक्षिणा मिळवण्यासाठी 1857 मध्ये काकांसह उत्तरेकडे निघालेले हे वरसईचे भिक्षुक बंडाच्या धामधुमीत सापडले आणि 1858 मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते.

मी ते पुस्तक घरी आणले तेव्हा माझे वडील बंधू म्हणाले, “हा इतिहास नव्हे, एका भिक्षुकाच्या आठवणी आहेत.” लढाया, तह आणि राजांच्या कारकिर्दी एवढ्यालाच ते इतिहास मानत. त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही, ते आज देतो. वेढा किती दिवस चालला हे सेनापतीच्या अहवालातून कळते. पण शहर पडल्यावर लूट आणि कत्तल चालू असताना आत अडकलेल्या माणसांवर काय गुजरले, हे सांगायला त्यांच्यातलाच कोणी जिवंत राहून लिहिता व्हावा लागतो.

पुढे मला कळले की, मी वाचलेला पाठ चिंतामण विनायक वैद्य यांनी 1907 मध्ये फेरफार करून छापलेला होता. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केला. बंधूंना हे आयतेच शस्त्र मिळाले. मला मात्र दोन्ही पाठ शेजारी ठेवून, संपादकाने काय गाळले आणि काय बदलले हे ओळीओळीने पाहताना इतिहासाचे जे शिक्षण मिळाले, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मिळाले नव्हते. म्हणून पुस्तक घेताना आवृत्ती आणि संपादक आधी पाहावेत.

याखेरीज राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा 1898 चा पहिला खंड प्रस्तावनेसह काढावा. त्यात पानिपतपर्यंतच्या दशकातली पत्रे आहेत. घटनांचा क्रम लावायला सरदेसाई यांची ‘मराठी रियासत’ हाताशी असावी. ऐतिहासिक कादंबऱ्या मी या यादीत धरत नाही.

एक सांगायचे राहिले. गोडसे यांनी ही हकीकत सुमारे 25 वर्षांनी आठवणीतून लिहिली आणि तिच्यात ऐकीव मजकूरही आहे, त्यामुळे तारखांसाठी तिच्यावर विसंबू नये. बंधूंचा तेवढा आक्षेप मला मान्य आहे.