स्वतः प्रकाशित करायच्या फॅन्टसी गेममध्ये गावांची नावं मनाने रचावीत की प्रसिद्ध जगातली घ्यावीत?

मनानेच रचा. कायद्याची भीती हे त्याचं अर्धंच कारण.

तुम्ही म्हणताय की नियम 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या फॅन्टसी गेमचे घेणार, पीडीएफ स्वतः विकणार आणि नकाशावर त्याच गेममधल्या वॉटरडीपसारखी एकदोन ओळखीची शहरं ठेवणार, म्हणजे खेळणाऱ्यांना परकं वाटायला नको. नेमकी तीच शहरं तुम्हाला काढावी लागतील. २००० साली या गेमचं ओपन गेम लायसन्स आलं, तेव्हा फासे, लढाया, मंत्र यांचे नियम इतर प्रकाशकांना खुले झाले. खास नावं मात्र 'प्रॉडक्ट आयडेंटिटी' म्हणून कुंपणाच्या आतच राहिली. जानेवारी २०२३ मध्ये ते लायसन्स बदलण्याच्या हालचालीवरून गदारोळ उठला आणि त्यातून गेमचा ५.१ हा नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आला. ठरल्याप्रमाणे श्रेय छापलं की विकायला तुम्ही मोकळे. पण वॉटरडीप ज्या जगातलं, ते फर्गॉटन रेल्म्स काही त्यासोबत खुलं झालं नाही. ते वापरायचंच असेल तर डीएम्स गिल्ड हे चाहत्यांची पुस्तकं विकणारं ऑनलाइन दुकान आहे, पण तिथे टाकलेलं पुस्तक मग दुसरीकडे विकता येत नाही.

'नुसत्या नावाला कुठे कॉपीराइट असतो?' असंही तुम्ही विचारलंय. अमेरिकेत एकट्या नावाला तो मिळत नाही, हे खरं. पण ट्रेडमार्क हे वेगळं प्रकरण आहे, आणि एकट्या माणसाला वकिलाचं पत्र येणं हेच पुरेसं महागात पडतं. खुद्द डन्जन्स अँड ड्रॅगन्सलाही हे चुकलं नाही. १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत लेखक टोल्किनच्या कादंबऱ्यांतले बुटके हॉबिट होते. टोल्किनच्या हक्कदारांनी हरकत घेतल्यावर त्यांचे हाफलिंग झाले आणि एन्ट या चालत्याबोलत्या झाडांचे ट्रीयन्ट.

आता उरलेलं अर्धं कारण, आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हेच. नियम उसनेच असतात, माझेही आहेत. मग पुस्तकात तुमचं असं काय उरतं? नकाशा आणि त्यावरची नावं. तिथेच हात आखडता घेतला तर लोकांनी तुमचं पुस्तक का घ्यावं?

माझ्या पहिल्या जगाची राजधानी होती झ्रा'खथुंद्र. मधलं ते चिन्ह कशासाठी, विचारू नका. भारी दिसत होतं. पहिल्याच खेळात दहा मिनिटांत तिची 'ती झाकण-बिकण काय ती' झाली, आणि पुढे कुणी सम्राटाचा मृत्यूही गांभीर्याने घेईना.

दुसऱ्या वेळी आधी धातू, म्हणजे शब्दांची मुळं, ठरवले, नावं नंतर. सोर म्हणजे पाणी, थेल म्हणजे खडक, शेवटी -आन म्हणजे वस्ती. एवढ्यावर सोरान, थेलान, सोरथेल अशी वीसेक गावं निघाली. मग ती झिजवली, कारण खरी नावं जिभेवर झिजतात. रोमन छावणीचं 'कास्त्रा' इंग्लंडमध्ये गावांच्या शेपटीला 'चेस्टर' होऊन बसलं. माझी जुनी राजधानी सोरथेलान, तिथली माणसं म्हणतात सोथलान. जुनं रूप फक्त वेशीवरच्या शिलालेखात ठेवलं. जेत्यांची भाषा वरून आली की आणखी गंमत. इंग्लंडमधल्या एव्हन नदीच्या नावाचा मूळ अर्थच 'नदी'. नंतर आलेल्यांना ते विशेषनाम वाटलं. मीही एका टेकडीला असंच 'थेल खडक' म्हणून टाकलं.

धातूंचा तक्ता मी खेळणाऱ्यांना कधी दाखवला नाही. तिसऱ्या बैठकीत सगळे वाळवंटात अडकले, पखाली रिकाम्या. एकीने नकाशावर बोट ठेवलं: "हे सोरविन आहे ना? मग इथे पाणी असणार. खणा." मी तिथे विहीर आखलेलीच नव्हती. मुकाट्याने आखली.

छपाईआधी दोन कामं तेवढी करा. प्रत्येक नाव इंटरनेटवर शोधा. माझं एक सुंदर बंदर एका मलमाचं नाव निघालं. आणि सगळी यादी कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. ते जिथे अडखळतील तिथे पेन्सिलीने खूण करा, उच्चार समजावून सांगत बसू नका. पुस्तक विकत घेणाऱ्याच्या घरी तुम्ही सांगायला नसता.