साठ दिवस कुठून मोजायचे?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत माझ्या नावावर ४२० चौरस मीटरचा बिनशेती प्लॉट आहे. तळमजला आणि वर एक मजला अशा घराचा नकाशा आर्किटेक्टमार्फत ३ फेब्रुवारीला ऑनलाइन दाखल केला. कार्यालयातले साहेब तोंडी म्हणाले, ‘गल्लीत सगळी कौलारू घरं आहेत, तुमचा सपाट स्लॅब आणि पुढची गॅलरी शोभत नाही. शिवाय शेजाऱ्याची हरकत आहे, त्याची एनओसी आणा.’ शेजाऱ्याच्या दोन जुन्या खिडक्या माझ्या प्लॉटकडे उघडतात. साठ दिवस उलटून गेल्यामुळे परवानगी मिळाल्यातच जमा आहे, असं कॉन्ट्रॅक्टर म्हणाला आणि त्याने पायाचे चर खणले, लोखंडही आणून टाकलं. १२ मे रोजी मला पोस्टाने पत्र आलं, त्यावर तारीख ८ मे आहे. मजकूर एका ओळीचा : ‘सदर प्रस्ताव नियमानुसार नसल्याने नामंजूर करण्यात येत आहे.’ आता काम चालू ठेवू की कोर्टात जाऊ? नकाशा आणि सगळी पत्रं सोबत जोडली आहेत.

उत्तर : ताई, सगळ्यात आधी कॉन्ट्रॅक्टरला फोन करून काम थांबवायला सांगा. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल.

‘अजून तर नुसते चर खणलेत’ असं तो म्हणेल. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधली ‘विकास’ या शब्दाची व्याख्या जमिनीवरच्या, जमिनीवरून आणि जमिनीखालच्या कामांनाही लागू होते, तेव्हा पाया खणणं त्यात आलंच. परवानगीशिवाय असं काम केलं तर कलम ५२ खाली कमीत कमी एक महिना आणि जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद आणि दोन ते पाच हजार रुपये दंड आहे. बांधकाम पाडायची नोटीस येते ती वेगळी, कलम ५३ खाली. नोटीस जमिनीच्या मालकाच्या नावाने निघते. तुम्हाला धीर देणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरचं नाव तिच्यात नसेल.

आता त्या साठ दिवसांबद्दल. कॉन्ट्रॅक्टरने ऐकलेली गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. कलम ४५(५) प्रमाणे नगरपरिषदेने साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी दिली असं मानलं जातं, हे खरं. पण हे साठ दिवस अर्ज पोचल्यापासून, किंवा नगरपरिषदेने काही विचारणा केली असेल तर तिला तुम्ही दिलेलं उत्तर पोचल्यापासून मोजायचे, आणि या दोन्हींतली जी तारीख नंतरची असेल ती धरायची. तुमच्या कागदांत २८ फेब्रुवारीचं त्रुटीपत्र, म्हणजे प्रस्तावातल्या उणिवा दाखवून विचारणा करणारं पत्र, आहे. ते आर्किटेक्टच्या लॉगिनवर आलं होतं आणि त्याला आर्किटेक्टने २० मार्चला उत्तर अपलोड केलंय. पत्रावरून असं दिसतं की हे तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे तुम्ही ३ फेब्रुवारीपासून मोजत राहिलात आणि ४ एप्रिलला साठ दिवस पुरे झाले असं धरून चाललात. खरी मोजणी २० मार्चपासून सुरू होते आणि १९ मेला संपते. नामंजुरी तुमच्या हातात १२ मेला पडली. म्हणजे मानीव परवानगीला सात दिवस बाकी असतानाच निर्णय आला होता.

त्या त्रुटीपत्रात विचारलेल्या गोष्टी, म्हणजे शेजाऱ्याची एनओसी आणि ‘दर्शनी भागात सुधारणा’, मुळात बेकायदा होत्या, म्हणून त्या पत्रामुळे मुदत पुन्हा सुरू होत नाही, असा युक्तिवाद करता येईल. मी तो उच्च न्यायालयात उभी राहून करीनही. पण त्याच्या भरवशावर तुम्ही कॉलम उभे करा, असं मी सांगणार नाही. शिक्षिकेच्या पेन्शनीतून हप्ता जाणार आहे. मंजूर नकाशा पाहिल्याशिवाय बँकही रक्कम सोडणार नाही.

आणि मोजणी तुमच्या बाजूने पडली असती तरी एक अडचण राहिलीच असती. मानीव परवानगी मिळते ती प्रस्ताव विकास नियंत्रण नियमांशी आणि विकास योजनेशी काटेकोर जुळत असेल तरच, असं परंतुक, म्हणजे जोडलेली अट, त्याच कलमात आहे. जुळत नसेल तर त्या आधारावर केलेलं काम अनधिकृत ठरतं. तुमचा नकाशा मी टेबलावर पसरून पट्टी लावून बघितला. उत्तरेच्या बाजूला वर जाणारा बाहेरचा जिना आहे, तो तुटक रेषेत काढलाय आणि त्याच्यावर मापच लिहिलेलं नाही. स्केलने मोजलं तर तो सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेत, पाऊण मीटर शिरलेला दिसतो. बाजूला किती जागा सोडायची हे रस्त्याची रुंदी, प्लॉटचा आकार आणि इमारतीची उंची बघून ठरतं, आणि त्या मोकळ्या जागेत काय चालतं, काय नाही, हे एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत लिहिलेलं आहे. हीच नियमावली डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. हा जिना चालतो का, हे आर्किटेक्टकडून नियमाच्या क्रमांकासह लेखी घ्या. ‘चालतं हो, सगळे करतात’ हे उत्तर घेऊ नका. तुम्हाला त्रुटीपत्र न दाखवल्याबद्दल त्यांना जरूर जाब विचारा, पण भांडण तूर्त ताणू नका. पुढचा अर्ज त्यांच्याच लॉगिनवरून जायचा आहे.

इथपर्यंत सगळं तुमच्या विरोधात लिहिलं. आता नगरपरिषदेचं पत्र घेऊ. ते पत्र टिकणारं नाही, हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे. परवानगी नाकारताना किंवा अटी घालताना आदेशात कारणं लिहिलीच पाहिजेत, असं कलम ४५(३) सांगतं. ‘नियमानुसार नसल्याने’ हे कारण नव्हे. कोणता नियम, नकाशात कुठे, किती कमी पडतंय, हे लिहिलं तर ते कारण. सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदर सिंग गिल प्रकरणात घालून दिलेला दंडक आजही रोज वापरात आहे : आदेश ज्या कारणांवर उभा आहे ती आदेशातच दिसली पाहिजेत, नंतर प्रतिज्ञापत्र करून नवी कारणं त्याला जोडता येत नाहीत. त्यामुळे अपिलाच्या सुनावणीत कार्यालयाने अचानक जिन्याचा मुद्दा काढला तर ‘हे तुमच्या पत्रात कुठे आहे?’ असं आपण विचारू शकतो. पण म्हणून जिना तसाच ठेवायचा नाही. तो दुरुस्त करायचाच.

कौलांचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण अशी तोंडी अट घातलेली पत्रं माझ्याकडे वारंवार येतात. घर शोभतं की नाही, हे ठरवायचं काम कायद्याने रचना सहायकाला, म्हणजे नगरपरिषदेत नकाशे तपासणाऱ्याला, दिलेलं नाही. त्याने बघायचं ते चटई क्षेत्र (प्लॉटवर एकूण किती बांधकाम होतंय), सामासिक अंतरं, उंची, पार्किंग, रस्त्याला लागून असलेली बाजू, विकास योजनेतलं आरक्षण किंवा प्रस्तावित रस्ता, आणि मालकीचे कागद प्रथमदर्शनी नीट आहेत का. छपराचा उतार या यादीत नाही. कदाचित सांगतील की ‘आमच्या सर्वसाधारण सभेने ठराव केलाय, या गल्लीत कौलारूच.’ तर त्या ठरावाची प्रत मागा आणि सोबत एवढंच विचारा, की नियमावलीत हा बदल कलम ३७ खाली करून घेतला आहे का? त्या कलमाखाली फेरबदल प्रसिद्ध करावा लागतो, लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी लागते. एवढं झालेलं नसेल तर सभेतला ठराव ही सभेची इच्छा आहे, तुमच्यावर बंधनकारक असलेला नियम नाही.

दोन ठिकाणी मात्र बाहेरचं रूप खरोखर कायद्याच्या कक्षेत येतं, आणि तुमच्या गल्लीचं वर्णन वाचून मला ते तपासावंसं वाटलं. तुमची गल्ली वारसा यादीतल्या परिसरात येत असेल, तर वारसा समितीचा सल्ला घ्यावा लागतो आणि तिथे छप्पर, दर्शनी भाग यांवर अटी येऊ शकतात. दुसरं म्हणजे जवळपास केंद्र संरक्षित स्मारक असेल तर. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये स्वतंत्र परवानगी लागते. तुम्ही किल्ला किंवा जुन्या देवळाबद्दल काही लिहिलेलं नाही, पण ‘माझा प्लॉट वारसा परिसरात किंवा संरक्षित स्मारकाच्या नियंत्रित क्षेत्रात आहे का’ हा एक प्रश्न लेखी विचाराच. उत्तर ‘नाही’ आलं तर कौलांचा विषय तिथेच मिटतो.

शेजाऱ्याच्या एनओसीचंही तसंच. पुरेसं अंतर सोडून स्वतःच्या जागेत बांधायला शेजाऱ्याची संमती लागते, असा नियम नाही. ती विकत घेण्याच्या फंदात तर मुळीच पडू नका. पण त्याच्या खिडक्या हा विषय वेगळा आहे आणि तो दिवाणी न्यायालयाचा आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे वीस वर्षं शांतपणे आणि अखंड उपभोगलेल्या उजेड-वाऱ्याचा हक्क तयार होऊ शकतो. तो असला तरी थोडा उजेड कमी झाला म्हणून बांधकाम अडवता येत नाही, लक्षणीय अडथळा व्हावा लागतो. तुमचा तो जिना नेमका याच खिडक्यांसमोर येतो, हे नकाशात ठेवून बघितलंत का? जिना आत घेतलात तर नगरपरिषदेचा मुद्दा मिटेल आणि शेजाऱ्याच्या दाव्यातली हवाही निघून जाईल. तरी तो मनाईहुकूम मागायला जाईल अशी शंका असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे ‘माझं म्हणणं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये’ असा अर्ज, टाकून ठेवा. ते ९० दिवस चालतं, त्यामुळे प्रत्यक्ष काम सुरू होण्याच्या सुमारास टाका. आत्ता टाकून वाया जाईल.

‘कोर्टात जाऊ का’ असं तुम्ही विचारलंय. दिवाणी दावा टाकू नका. नगररचना अधिनियमाचं कलम १४९ तिथे आडवं येतं, कारण अशा आदेशांना दिवाणी न्यायालयात आव्हान देता येत नाही, आणि महिने वाया जातात. त्याच अधिनियमाच्या कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील आहे, म्हणजे अर्ज नगरविकास विभागाकडे जातो. मुदत निर्णय कळवल्यापासून ४० दिवसांची. पत्र मिळाल्याच्या १२ मेपासून मोजली तर २१ जून येते, पण पत्रावरच्या ८ मेपासून मोजली तर १७ जून. तुम्ही १७ जून हीच शेवटची तारीख समजा. पाकीट फेकलं नसेल अशी आशा आहे. त्याच्यावरचा पोस्टाचा शिक्का हाच १२ मेचा पुरावा आहे, ते पत्राला टाचून ठेवा.

फाइलमध्ये नेमकी काय टिपणी लिहिली आहे ते कळायला माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात त्याची फी दहा रुपये आहे, अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसणारा हवा. त्रुटीपत्रापासून नामंजुरीपर्यंतच्या टिपणीची प्रत मागा आणि फाइल प्रत्यक्ष पाहण्याची मागणीही त्यातच लिहा. फक्त एक करू नका : त्या उत्तरासाठी अपील थांबवू नका. माहिती द्यायला त्यांना ३० दिवस आहेत. आज मेअखेर तुम्ही अर्ज केला तर उत्तर जूनच्या शेवटी येईल, आणि तोवर अपिलाची मुदत गेलेली असेल. कारणं नाहीत एवढा एकच मुद्दा घेऊन अपील दाखल करा आणि ‘टिपणी मिळाल्यावर अधिक मुद्दे मांडण्याचा हक्क राखून ठेवला आहे’ ही ओळ त्यात घाला. अपील फेटाळलं गेलंच, तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा रस्ता उरतो.

अपील चालू असताना जिना दुरुस्त करून नव्याने प्रस्तावही दाखल करा. अपील केल्याने नवा अर्ज अडत नाही. खरं सांगायचं तर घर लवकर उभं राहण्याची शक्यता मला याच वाटेने जास्त दिसते. अपील ठेवायचं ते मुख्यतः पुन्हा एका ओळीत नामंजुरी येऊ नये म्हणून. सपाट स्लॅब आणि गॅलरी नव्या नकाशात जशीच्या तशी ठेवा. यावेळी अर्जाची पोच आणि प्रत्येक त्रुटीपत्र तुमच्या स्वतःच्या फोनवर येईल अशी व्यवस्था आर्किटेक्टकडून करून घ्या आणि घरातल्या कॅलेंडरवर उत्तर दिल्याच्या तारखेपासून साठावा दिवस लिहून ठेवा. कार्यालयात कोणी तोंडी काही सुचवलं तर त्याच दिवशी ‘आज आपण असं सांगितलंत, कृपया लेखी कळवावं’ असं पत्र आवक विभागात देऊन शिक्का मारून घ्या. तोंडी विचारणेने मुदत लांबत नाही.

एक काम मात्र अपिलाच्याही आधी करायचं आहे. उत्तरेचा चर शेजाऱ्याच्या भिंतीला लागून गेलाय, असं फोटोत दिसतं. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की त्यात पाणी साठेल, आणि ती भिंत खचली तर उजेडाचा तंटा बाजूला राहून नुकसानभरपाईचा दावा तुमच्यावर येईल. हा चर या आठवड्यात मुरूम टाकून, धुम्मस करून बुजवून घ्या. भरण्याआधीचे आणि नंतरचे फोटो काढा. लोखंड कॉन्ट्रॅक्टरला परत न्यायला सांगा, आणि किती किलो नेलं त्याची सही घ्या.